पहिली ओळ कोणी म्हणायची, वहिनी?

वहिनी, गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी तुझं गाणं मधूनच सुरू केलं.

हे तुला सांगायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून मीच सांगते. दादाच्या ते लक्षातही आलं नसेल. तो पुढच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता आणि हातातल्या रुमालाची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. पेटीवरच्या मास्तरांच्या लक्षात आलं, पण त्यांना माझी कीव आली असणार, म्हणून ते गप्प राहिले.

विहारासमोर मांडव घातला होता. त्रिशरण-पंचशील झालं, लोकांनी तुझ्या फोटोपुढे फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या. मग भाषणं झाली. ‘कुसुमताईंच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी’ असं तिघांनी म्हटलं, आणि तिसऱ्यानं म्हटलं तेव्हा मी डावीकडे वळले, कारण अशा वेळी तू मला दंडाला चिमटा काढतेस. डावीकडे लाउडस्पीकरचा खांब होता.

मग कोणीतरी उठून म्हणालं, ताईंचं गाणं झालंच पाहिजे, त्यांच्या गायन पार्टीनं म्हटलं पाहिजे. तू आमच्या आईवर बांधलेलं गाणं, तुझ्या सासूवर. आई गिरणीत जायची. ती गिरणी बंद पडून जमाना झाला, नुसती चिमणी उभी आहे, पण तुझ्या गाण्यात भोंगा अजून वाजतो. पुढची म्हणते, ‘भोंग्याच्या आधी पेटली चूल’. मागच्या म्हणतात, ‘पेटली चूल गं, पेटली चूल’. आम्ही सगळी उभी राहिलो. मास्तरांनी सूर धरला, सिद्रामनं ढोलकीवर ठेका सुरू केला. ठेका एकदा फिरून आला. परत आला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी तू जिथं उभी राहतेस तिथं बघत होते. मी थांबले होते, वहिनी. तुझी ओळ संपायची वाट बघत होते. ती संपायची जागा आली, तसं माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी म्हटलं, ‘पेटली चूल गं, पेटली चूल.’

तुझी, पहिली ओळ कोणी म्हटलीच नव्हती. माझ्या जोडीला मागं गाणारी संगीता बिचारी तेच म्हणू लागली. सगळं गाणं आम्ही तसंच म्हटलं, अर्ध्या अर्ध्या ओळी, जिथं तू असायचीस तिथं नुसती ढोलकी. बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. त्यांना वाटलं, तुझी जागा आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली. एका म्हातारीनं नंतर माझी हनुवटी धरली, म्हणाली, “किती जीव हुता गं तुजा तिच्यावर! कसं सुचलं तुला ह्ये!” मी मान हलवली. सुचलं कसलं डोंबल. मला पहिली ओळ म्हणताच येत नाही, एवढंच त्यात होतं.

त्या दिवसापासून मी स्वतःशी हेच बोलते आहे. खरं तर स्वतःशी नव्हे, तुझ्याशी. स्वतःशी बोलायचं कसं, ते तू मला इतकी वर्षं शिकवलंस आणि मी शिकले नाही.

तू लग्न होऊन कुर्डुवाडीहून सोलापुरात आमच्या घरात आलीस तेव्हाचा तो पाण्याचा दिवस आठवतो? कधी कोणाला आठवणार नाही इतका साधा दिवस. चार-पाच दिवसांनी पाणी सुटायचं आणि सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन नळावर. एकच कालवा. त्या गलक्यात मी भांडी घासत होते आणि गुणगुणत होते, कारण त्या आवाजात माझं कोणाला ऐकू येणार नाही अशी माझी खात्री होती. तू नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत मागच्या दारात आलीस.

“कोण गायलंय गं?”

“कोणी नाही.”

“कोणी न्हाई कसं? नळ गायलाय व्हय?”

मी मान वर केली नाही. तू माझ्याशेजारी उकिडवी बसलीस, राखेत हात घातलास आणि मी सोडलेली ओळ उचललीस. तुझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, आणि तिथल्या गायन पार्टीत तू लहानपणापासून गायलेली, हे सगळं आम्हाला नंतर कळलं. दादाला तर ते लग्नाआधी कोणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणायचा, मला वाटलं होतं कमी बोलणारी आहे. वर्षाच्या आत तू आपल्या पेठेत पार्टी उभी केलीस. पेटीला मास्तर, ढोलकीला सिद्राम, पुढं तू, आणि मागं झील धरायला मी आणि संगीता. “काय अवगड न्हाई इमल. मागं उभारायचं. मी सोडलेली ओळ उचलायची. खाली पडू द्यायची न्हाई.”

मला ते काम मानवलं. कोणतं गाणं, कोणत्या पट्टीत, कुठं थांबायचं, काही ठरवावं लागत नाही. पुढचीनं ओळ टाकली की आपण झेलायची. तुझी पट्टी उंच. माझा गळा त्या उंचीवर ओढला जायचा आणि दुसऱ्या दिवशी बसायचा, नोकरीवर, शाळेच्या ऑफिसात, मी खुणा करून बोलायची, तरीही मला कधी वाटलं नाही की माझा सूर वेगळा असेल. माझं सगळंच हळूहळू तसं झालं. साडी घेतली तर तुला विचारून. रजेचा अर्ज करायचा तर तुला विचारून. भाजीत मीठ बरोबर आहे का, तेसुद्धा. दादा म्हणायचा, हिला शिंक आली तर ही आधी वहिनीला विचारेल, शिंकू का. आपण तिघंही हसायचो. तू सगळ्यांत कमी हसायचीस.

आता ती गोष्ट, जिच्यावरून आपण आयुष्यभर भांडलो.

माळशिरसकडच्या त्या घरातून, सासरहून, मी परत आले होते. मारहाण नव्हती, दारू नव्हती, कोणाला दाखवावं असं अंगावर काही नव्हतं, म्हणून तर ते कठीण होतं. त्या घरात माझ्याशी कोणी बोलत नसे. माझ्याबद्दल बोलत, माझ्यासमोर, जशी मी कोपऱ्यातली कणगी आहे. सासरे आणि गावातले दोन जाणते मला न्यायला आले. बाहेरच्या खोलीत बसले, चहा झाला. आई म्हणत होती, जा बाई, निभावून घे. दादा दोन्हीकडून मान हलवत होता. मी स्वयंपाकघरात येऊन तुला विचारलं, “वहिनी, जाऊ का?”

 तू दार लोटलंस, मास्तर आपल्याकडेच ठेवून जायचे ती पेटी फळीवरून खाली काढलीस. बाहेर पाहुणे, आणि ही बाई पेटी काढते! मला वाटलं तुझं डोकं फिरलं. तू एका हातानं भाता हलवलास, एक पट्टी दाबून धरलीस आणि म्हणालीस, “डोळं मीट. एक कान दाबून धर. तोंड मिटून हाच सूर धर.”

“अगं बाहेर ते लोक...”

“बसू दे की त्यास्नी. च्या प्यालेत. धर सूर.”

मी धरला. कान दाबला की आपला आवाज आपल्याच कवटीत घुमतो, सगळी पार्टी हे करते, सूर सापडावा म्हणून. पण तू मला नुसता सूर शोधायला सांगत नव्हतीस. बराच वेळ काहीच नव्हतं, नुसती भीती. मग ती थोडी बसली. तू भाता हलवतच होतीस. म्हणालीस, “आता आत काय म्हणायलीस त्ये ऐक. मला सांगू नको. भाईर जाऊन सांग.”

मी बाहेर गेले आणि म्हटलं, “मला यायचं नाही.”

माझ्या सबंध आयुष्यात मी म्हटलेलं हे एकच वाक्य आहे ज्याच्या आधी कोणी काही म्हटलं नव्हतं. निदान तुझं म्हणणं तसं होतं. सासरे उठले, धोतराचा सोगा झटकला आणि दादाकडे बघून म्हणाले, “तुमच्या बायकूनं शिकवलंय.” आणि वहिनी, गंमत बघ, ज्या माणसाचं एकही म्हणणं मी कधी मानलं नाही, त्याचं हे एक म्हणणं मी जन्मभर मानत आले.

किती वेळा भांडलो आपण यावरून. मेथी निवडताना, कार्यक्रमाहून येताना टेम्पोत, दवाखान्याच्या बाकावर. तू म्हणायचीस, नाही म्हणणारा तो आवाज तुझा होता. मी म्हणायची, माझा नाही, तुझा होता.

“मी तर तोंड बी उघडलं न्हवतं.”

“सूर तू दिला होतास.”

“सूर पेटीचा हुता गं! मग मास्तरलाच जाऊन विचार की, पेटी त्याची हाय.”

मी म्हणायची, “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” आणि तू लगेच म्हणायचीस, “आडात वाकून बगितलंस का कदी? काठावरनंच बोंबलायलीस.” तुझ्यापुढं बोलायची सोय नव्हती. संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की तू भिंतीला टेकून बसायचीस, कान दाबून, डोळे मिटून, ओठ मिटून. म्हणायचीस, लोक नाही म्हणायला कानांवर हात ठेवतात, आपण ऐकायला ठेवायचा. मलाही शेजारी बसवायचीस. मी एक डोळा उघडा ठेवून दूध उतू जात नाही ना, ते बघायची. एकदा मी चिडून खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, “आत बसले की मला तूच ऐकू येतेस. तुझाच आवाज. माझं आत काही नाहीच.” तू कानावरचा हात काढलास. मग म्हणालीस, “मग मी काय करू, इमल? गप बसू?”

मी म्हटलं, “नको, नको, गप्प नको बसू.”

तुझा शेवटचा कार्यक्रम कुर्डुवाडीला, तुझ्या माहेरी झाला. शेवटचा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, निदान मला नव्हतं. तुझ्या माहेरची माणसं पुढं बसलेली, तुझ्या वर्कशॉपातल्या चुलत्यांनी फेटा बांधलेला. आईचंच गाणं चाललं होतं. तू एक ओळ सुरू केलीस आणि अर्ध्यात सोडलीस. पुढं काहीच नाही. ढोलकी चालू, पेटी चालू, आणि तू माझ्याकडे मान वळवून बघते आहेस. मी हसून बघत राहिले, मूर्खासारखी, तुझं पुढचं येईल म्हणून. ठेका फिरून आला. मग तू माईकवर हसलीस, म्हणालीस, “माहेरात आल्यावर बाई विसरतीच सगळं,” लोकांनी टाळ्या वाजवल्या, तू पाणी प्यालीस आणि परत सुरू केलंस.

येताना टेम्पोत तू म्हणालीस, “मी मुद्दाम थांबले हुते. बगायचं हुतं, उचलतीस का.”

“आधी सांगायचं होतंस.”

“सांगितल्यावर मग काय राहिलं?”

मोहोळ मागं पडेपर्यंत आपण भांडलो. मास्तर झोपल्याचं सोंग घेऊन बसले होते. मी म्हटलं, चारचौघांत माझी परीक्षा घ्यायला मी शाळेतली पोर आहे का? तू म्हणालीस, “गाता येईना, माईक वाकडा.”

नंतर महिन्याभरात तुझी फुप्फुसं तपासली आणि डॉक्टर म्हणाले, यांना पुष्कळ दिवसांपासून दम पुरत नसणार, तुमच्या कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? दादा माझ्याकडे बघायला लागला. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू छताकडे.

तेव्हापासून मला एकच विचारायचं होतं. कुर्डुवाडीला तू खरंच मुद्दाम थांबलीस, की तुझा दम संपला होता आणि ते झाकायला तू मुद्दामचं नाव घेतलंस? मुद्दाम असेल तर मी नापास झाले. दम संपला असेल तर तू मला हाक मारत होतीस आणि मी हसत बघत राहिले. दोन्हींतलं कोणतं सोसायचं, ते तरी मला कळायला हवं होतं. शेवटी एके दिवशी दवाखान्यात विचारलं. नाकातोंडावर तो मास्क होता. तू माझ्याकडे बघितलंस, हातानं मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, “तुला काय वाटतं?”

त्या अवस्थेतसुद्धा! मला इतका संताप आला वहिनी, की मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडले आणि दार आपटलं. मरणाच्या दारात बसलेल्या बाईशी इतकं रागावता येतं, हे मला माहीत नव्हतं. परत आले तेव्हा तू झोपली होतीस. त्यापुढचे दिवस आपण शहाळ्याचं पाणी, दादाच्या गोळ्या, गच्चीवर राहिलेले पापड, एवढंच बोललो. तुझं बोलणं कमी कमी होत गेलं. आणि मग पहाटे मला फोन आला.

लोक म्हणतात, चांगल्या आठवणी ठेवाव्यात. मला तुझा राग येतो. तुझ्या साडीचा वास येतो आणि राग येतो, भाकरी थापताना परातीचा आवाज झाला तरी येतो. तू मला त्या घरातून सोडवलंस, माझ्या आईच्या विरुद्ध उभी राहिलीस, नणंद जन्मभर घरात राहणार हे कळूनही एका शब्दानं कधी टोचलं नाहीस. असं कोण करतं? माझ्या ऑफिसातल्या बायकांना मी सांगते तर त्यांना खोटं वाटतं. तुझ्या जिवावर मी माणसांत उभी राहिले. आणि तूच मला सारखं म्हणत राहिलीस, माझ्या जिवावर उभी राहू नको. मग आधी एवढा आधार द्यायचाच कशाला? मांडवाचा खांब काढून घ्यायचा आणि वर कापडाला म्हणायचं, उभं राहा बघू.

बुधवारी मास्तर आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात.

“नातेपुतेवाल्यांचा फोन आलता. विहाराचा वर्धापनदिन हाय त्यांचा. कुसुमताईंनीच तारीक दिलीवती. त्ये म्हणायलेत, ताई गेल्या, आमाला कळलं, वाईट झालं. येनार का न्हाई तेवढं सांगा.”

मास्तर पायातल्या चपलेशी खेळत होते.

“अकलूजकडं एक पोरगी हाय. आवाज चांगला हाय तिचा. ती पुढं गाईल. तुमी मागं हायच की. न्हाईतर मग तुमी पुढं व्हा. न्हाईतर न्हाई म्हणून सांगू. कसं करायचं?”

आणि मी म्हटलं, “थांबा, वहिनीला...”

पुढचा शब्द गिळला, पण निघायचा तो शब्द निघाला होता. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. “सवडीनं सांगा,” म्हणाले आणि गेले. मी दाराची कडी लावली आणि तिथंच उंबऱ्याशी बसून राहिले. त्यावेळी मला कळलं की मी एकटी उरले आहे असंही म्हणता येत नाही. उरायला काहीतरी असावं लागतं. माझ्यात तू सोडलेल्या ओळींची दुसरी अर्धी होती, बाकी काही नव्हतं. ज्या माणसाला आपण जावं की राहावं हे आपलं आपल्याला विचारता येत नाही, ते माणूस जिवंत आहे असं कशावरून म्हणायचं? दादानं जेवायला हाक मारली. गेले, जेवले. भाजी खारट होती.

आज दुपारी दादा पेन्शनच्या कामाला बाहेर गेला, तेव्हा मी तुझ्या जागी भिंतीला टेकून बसले. श्रद्धेनं बसले असं समजू नकोस. नातेपुत्याला काय सांगायचं ते तुला विचारायला बसले होते. मी ठरवलं होतं की आत तुझा आवाज येईल आणि तो म्हणेल तसं करायचं, मग प्रश्न मिटला. पेटी पुढं ओढली, भाता हलवला, पट्टी दाबली. आणि लक्षात आलं की एक हात भात्याला, दुसरा पट्टीला, तर कान दाबायला हातच राहत नाही. हे दोघींचंच काम आहे. इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं, कारण भाता तू हलवायचीस. तू स्वतःसाठी बसायचीस तेव्हा पेटी घ्यायचीच नाहीस, हेही तेव्हाच आठवलं.

पेटी बाजूला सारली. कान दाबला, डोळे मिटले, ओठ मिटून आवाज काढला. तुझाच सूर आठवून काढला. तो टिकेना. गळा दुखायला लागला, तसा मी सोडून दिला आणि तो घसरत घसरत खाली आला आणि एका जागी बसला. मी वाट बघत होते. आता तू म्हणशील, ‘इमल’. आता म्हणशील, ‘काठावरनंच बोंबलायलीस’. खूप वेळ वाट बघितली. दूध गॅसवर नव्हतं, पाहुणे बाहेर नव्हते, मला कसलीच घाई नव्हती.

तू आली नाहीस.

आत एक आवाज होता. जाडसर, थोडा नाकातला, मुळीच गोड नाही. तुझ्यासारखा तर नाहीच. पण तो मला नवीन नव्हता. मी ओळखलं त्याला. त्या दिवशी स्वयंपाकघरात भीती खाली बसल्यावर जो आला होता तो हाच. ‘मला यायचं नाही’ म्हणाला होता तो हाच. त्याला मी इतकी वर्षं तुझा म्हणत आले, कारण तुझा आवाज चांगला होता आणि जे काही चांगलं झालं ते तुझंच असणार असं मला वाटायचं.

म्हणजे तुझंच खरं होतं, वहिनी. भांडणात तू जिंकलीस. आणि हे कबूल करायला मी डोळे उघडले तर समोर भिंत. तू असताना मला आत तू ऐकू यायचीस. आज मी ऐकू आले, म्हणजे तू आता कुठंच नाहीस, आतसुद्धा नाहीस. इतके दिवस मी तुझ्या मरणाची कामं केली, माणसं सांभाळली, खीर वाटली, पण तू गेलीस ती आज दुपारी. मी जमिनीवर पालथी पडून रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. यालाच तू हिंमत म्हणायचीस का? यासाठी मला रोज बसवत होतीस? आधी सांगितलं असतंस, की ज्या दिवशी तुझं तुला ऐकू येईल त्या दिवशी मी सुटेन तुझ्या हातून, तर मी एक दिवसही बसले नसते. बहुतेक म्हणूनच सांगितलं नाहीस.

कुर्डुवाडीचं उत्तर मला अजून माहीत नाही. मुद्दाम असेल किंवा दम गेला असेल. मला काय वाटतं, ते विचारलंस ना? मला वाटतं, तुझा दम गेला होता आणि तू मला हाक मारलीस. हे माझं मी ठरवलं आहे. यातच मला जास्त दुखतं, तरी हेच.

तोंड धुऊन मी मास्तरांना फोन लावला. म्हटलं, अकलूजच्या मुलीला बोलवू नका. मी पुढं उभी राहते. ते म्हणाले, “जमंल?”

मी म्हटलं, “वाईट होईल. पण सुरुवातीपासून होईल.”

“तालीम करू की. ताईंच्याच पट्टीत घेऊ ना?”

“नाही,” मी म्हटलं. “खाली घ्या.”

“किती खाली?”

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मी पेटी पुढं ओढली, आवाज काढत एकेक पट्टी दाबत गेले आणि जिथं माझा सूर बसला ती त्यांना सांगितली. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

वहिनी, तुझ्या पट्टीत आता आपल्या पार्टीत कोणी गाणार नाही.